चिकित्सेचा तिसरा पाद

(परिचर्या पदवीच्या अंतिम टप्प्यात पदार्पण करणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि सेवाकार्यातील कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत. वैद्य, औषधी द्रव्य, उपस्थाता आणि स्वतः रुग्ण. यांतील उपस्थाता म्हणजे रुग्णाच्या निकट राहून त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात या उपस्थात्याच्या अंगी चार गुण असावेत असे सांगितले आहे : उपचारांचे ज्ञान, कामातील दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच, म्हणजे शुचिता. या क्रमात ज्ञान प्रथम आले आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. केवळ प्रेमळ असणे पुरेसे नाही, केवळ कष्टाळू असणेही पुरेसे नाही. शुश्रूषा करणाऱ्याला उपचार कळला पाहिजे, हे आपल्या पूर्वसुरींनी फार पूर्वी ओळखले होते.

आजचा समाज मात्र यातील दोनच पाद ओळखतो. डॉक्टरांपुढे हात जोडले जातात आणि औषधाच्या दुकानात निमूटपणे पैसे मोजले जातात. तिसऱ्या पादाची आठवण होते ती ‘सिस्टर, सलाईन संपलं’ अशी हाक मारण्यापुरती. डॉक्टर दिवसातून दोनदा रुग्णाला पाहून जातात. उरलेला सारा वेळ रुग्ण असतो तो परिचारिकेच्या नजरेखाली. रात्री तीन वाजता त्याचा श्वास बदलला, तर ते प्रथम तिला कळते किंवा कोणालाच कळत नाही. त्या क्षणी तिला काय येते यावर एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते. हे ‘येणे’ कोठून येते, याचा विचार आज करावयाचा आहे.

पदवीच्या आत काय दडले आहे?

भारतात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. पुढे १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली आणि शिक्षणाला देशभर एकसारखा आकार मिळू लागला. या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ साली अधिसूचित केला. आता हा अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा आहे. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते.

पहिल्या दोन वर्षांत शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र असे विषय असतात. त्यांच्या जोडीला परिचर्येची मूलतत्त्वे आणि प्रौढ रुग्णांची परिचर्या शिकविली जाते. अनेक पालकांची समजूत अशी असते की, खरा अभ्यास येथेच संपतो आणि पुढे राहते ती वॉर्डातली राबणूक. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. पाचव्या सत्रापासून बालरुग्ण परिचर्या, मानसिक आरोग्य परिचर्या आणि सामुदायिक आरोग्य परिचर्या सुरू होते. न्यायवैद्यक परिचर्या व भारतीय कायदे यांची ओळखही याच टप्प्यावर करून दिली जाते. सहाव्या सत्रात परिचर्या व्यवस्थापन व नेतृत्व आणि प्रसूतिविद्या येते. सातव्यात प्रसूतिविद्येचा व सामुदायिक परिचर्येचा पुढील भाग आणि त्यांच्यासोबत संशोधन व संख्याशास्त्र असते. आठवे सत्र पूर्णपणे आंतरवासितेचे आहे. बावीस आठवडे, आठवड्याला ४८ तास, म्हणजे एकूण १०५६ तास. त्यांपैकी सहा आठवडे प्रौढ रुग्णांसाठी आणि प्रत्येकी चार आठवडे समुदाय, बालरुग्ण, मनोरुग्ण व प्रसूती या विभागांसाठी असतात.

ही नुसती विषयांची यादी नव्हे. प्रत्येक विषयामागे एक जीव उभा आहे. बाळ जन्मले आणि रडले नाही, तर ते आपणहून किंवा साहाय्याने श्वास घेऊ लागावे यासाठी पहिले एक मिनिटच निर्णायक मानले जाते. त्या साठ सेकंदांत बाळाला कोरडे करणे, ऊब देणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, पाठीवर हलके चोळणे आणि तरीही श्वास सुरू न झाल्यास मास्क लावून फुग्याने श्वास देणे हे सारे क्रमाने घडावे लागते. पुस्तक उघडण्यास तेथे अवधी नसतो. बाळ बाहेर आल्यावर लगेच, गर्भाशयात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, मातेला ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन स्नायूत द्यावयाचे असते. ते वेळेवर दिले गेले तर कितीतरी मातांचा अतिरक्तस्राव टळतो. पाचशे मिलिलिटरच्या वर गेलेला रक्तस्राव नुसत्या नजरेने ओळखण्याचा सराव विद्यार्थिनीला प्रसूती कक्षातच होतो, वर्गातल्या फळ्यावर होत नाही.

बालरुग्ण विभागात औषधाची मात्रा मुलाच्या वजनाच्या हिशेबाने काढावी लागते. दशांश चिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. म्हणून तेथील विद्यार्थिनीला गणित पक्के करावे लागते आणि धोक्याचे औषध देण्यापूर्वी दुसऱ्या परिचारिकेकडून हिशेब तपासून घेण्याची सवय लावून घ्यावी लागते. मानसिक आरोग्य विभागात औषधाहून संवाद कठीण. रुग्ण काय बोलला, आपण काय उत्तर दिले आणि त्या उत्तराने तो मोकळा झाला की मिटला, हे संवाद शब्दशः लिहून शिक्षिकेसमोर तपासावे लागतात. घरोघरी भेटी देणारी विद्यार्थिनी चूल, पाणी, शौचालय, गरोदर सून आणि खोकणारे सासरे हे सारे एकाच फेरीत पाहून कुटुंबाची नोंदवही लिहिते. व्यवस्थापनाच्या विषयात ती ड्यूटीचा तक्ता लावणे, औषधांचा साठा तपासणे आणि पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला रुग्णाची स्थिती नेमक्या शब्दांत सोपविणे शिकते. चरकांनी सांगितलेले ज्ञान आणि दक्षता यांचा येथे प्रत्यक्ष संगम होतो.

दक्षता कशाला म्हणतात?

ज्या परिचर्येला समाज ‘साधे काम’ म्हणतो तिचे मोल समजून घ्यावयाचे असेल तर मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाकडे पाहावे. तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष अत्याचार झाला. त्यानंतर त्या कधीही पूर्ववत शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांना त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी सांभाळले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, पण शुश्रूषा खंडित झाली नाही. दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. इतकी वर्षे खिळून पडलेल्या देहावर त्यांनी शय्याव्रण, ज्याला आपण बेडसोअर म्हणतो, होऊ दिले नव्हते.

ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेले वडीलधारे आहेत त्यांना या एका वाक्याचा अर्थ कळेल. रुग्णाला ठरलेल्या वेळी कूस बदलून देणे, चादरीला सुरकुती पडू न देणे, त्वचा कोरडी राखणे, टाच आणि माकडहाड यांवरील लाली वेळीच ओळखणे, आहारातील प्रथिनांकडे लक्ष देणे, हे रोज, दिवसरात्र, चार दशके करावे लागले. यात ज्ञान आहे, दक्षता आहे, अनुराग आहे आणि शौचही आहे. तपश्चर्या हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. येथे तो शोभतो.

याच घटनेची दुसरी बाजूही पालकांच्या मनात असणार. मुलीच्या सुरक्षिततेची चिंता अनाठायी नाही, आणि तिला ‘मागासलेपणा’ म्हणून हिणवणे हा अन्याय आहे. या चिंतेचे उत्तर मुलीला घरी बसविणे हे मात्र नव्हे. वसतिगृहापासून वॉर्डापर्यंतचा उजेडाचा रस्ता, कपडे बदलण्याची सुरक्षित खोली, रात्रपाळीला विद्यार्थिनी एकटी न ठेवण्याचा नियम आणि २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारींसाठी असलेली अंतर्गत समिती, या गोष्टी प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी स्वतः जाऊन पाहाव्यात. महाविद्यालयाची इमारत पाहतो, शुल्क विचारतो, तसेच हेही विचारले पाहिजे.

आत्मपरीक्षणाचा विषय

या क्षेत्रात हिंदू समाजाने काही काळ मागे राहणे पत्करले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मिशनऱ्यांनी परिचर्येचे शिक्षण आपल्या कामाचे अंग बनविले. त्यांच्या हेतूंविषयी आपले आक्षेप आहेत आणि ते आपण वेळोवेळी मांडले आहेत. परंतु परक्याच्या मलमूत्राला हात लावणे हे ‘आपल्या घरच्या मुलीचे’ काम नव्हे असे म्हणून आपण जी जागा रिकामी सोडली, तिचा दोष दुसऱ्याला देता येणार नाही. सोवळ्याओवळ्याच्या खुळचट कल्पनेने शौच या शब्दाचा अर्थच उलटा केला. रुग्णाचा स्पर्श टाळणे म्हणजे शौच नव्हे. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि केल्यानंतर हात धुणे हे शौच. आजच्या अभ्यासक्रमातील संसर्ग नियंत्रणाचा पहिला धडा हाच आहे.

याच महाराष्ट्रात ती कल्पना मोडणाऱ्या स्त्रियाही होऊन गेल्या. सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. भगिनी निवेदिता १८९९ च्या प्लेगमध्ये कोलकात्याच्या गल्ल्या झाडण्यास उतरल्या, तोही याच परंपरेचा धागा. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू करणाऱ्या रमाबाई रानडे यांनी विधवा व गरजू स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाचा मार्ग मोकळा करून दिला. ज्या काळात विधवेचे दर्शन अशुभ मानले जाई, त्या काळात तिला रुग्णाच्या उशाशी मानाने उभे करणे हे केवढे सामाजिक परिवर्तन होते!

समाजाच्या बळावर उभ्या राहिलेल्या रुग्णालयांची परंपराही आपल्याजवळ आहे. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून आणि छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून कार्यरत आहे. मोठ्या शहरातील व्यवसाय सोडून अशा कामाला वाहून घेणारे डॉक्टर आपण पाहिले, त्यांचे सत्कार केले. आता प्रश्न असा आहे की, त्याच ध्येयवादाने परिचर्येकडे वळणाऱ्या मुलामुलींचे सत्कार आपल्या शाखेत, मंडळात, ज्ञातिसंस्थेत किती झाले? बारावीत चांगले गुण मिळविणाऱ्या मुलीने ‘मला नर्सिंगला जायचे आहे’ असे म्हटले, तर आपल्या घरात आनंद होतो की सारवासारव सुरू होते?

आणि मुलीचेच नाव का घ्यावे? ही पदवी मुलांनाही खुली आहे. चरकांनी सांगितलेला उपस्थाता केवळ स्त्री असावा असे कोठेही अभिप्रेत नाही. अतिदक्षता विभागात, मनोरुग्णालयात, अपघात विभागात ‘ब्रदर’ तितक्याच योग्यतेने उभे आहेत.

शिक्षणाची शुचिता

आता थोडे कटू, पण आवश्यक. परिचर्या शिक्षणातील सर्वांत मोठा धोका अंतिम वर्षांतच आहे, आणि तो दोन रूपांत येतो.

पहिले रूप कागदी प्रशिक्षणाचे. परिचर्या परिषदेचे निकष सांगतात की, एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा. ज्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा आहेत पण रुग्ण नाहीत, तेथे हा निकष वहीतच पाळला जाऊ शकतो. न केलेल्या प्रसूतीची नोंद, न दिलेल्या घरभेटीची सही, दुसरीच्या वहीतून उतरविलेला रुग्णवृत्तान्त, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या लबाड्या आहेत. पण ज्या दिवशी ती विद्यार्थिनी नोंदणीकृत परिचारिका होऊन एखाद्या आरोग्य उपकेंद्रात एकटी उभी राहील, त्या दिवशी वहीतली सही तिच्या मदतीला येणार नाही. समोरची माता आणि बाळ त्या लबाडीची किंमत मोजतील.

दुसरे रूप याच्या उलट. विद्यार्थिनी वॉर्डात असते, पण शिकण्यासाठी नव्हे. अपुऱ्या मनुष्यबळाची भरपाई म्हणून. दिवसभर तापमान नोंदविणे, खाटा लावणे, केसपेपर घेऊन या खोलीतून त्या खोलीत धावणे. यातले कोणतेही काम हलके नाही. पण शिक्षकाविना केलेले तेच ते काम म्हणजे प्रशिक्षण नव्हे. खाट लावतानाही रुग्णाची त्वचा पाहावी, तापमान लिहितानाही ते का चढले असेल याचा विचार करावा, हे शेजारी उभे राहून कोणी तरी सांगावे लागते. वॉर्डाच्या परिसेविका आणि महाविद्यालयाच्या शिक्षिका यांनी एकमेकींवर न ढकलता ही जबाबदारी वाटून घेतली, तरच ते १०५६ तास सार्थकी लागतात.

सेवाभाव या पवित्र शब्दाचा आणखी एक गैरवापर होतो. ‘हे तर सेवेचे काम’ असे म्हणत परिचारिकेला तुटपुंजे वेतन दिले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांविषयी स्पष्ट शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते दरमहा वीस हजार रुपयांपेक्षा कमी नसावे. सेवा ही देणाऱ्याने स्वेच्छेने करावयाची असते. घेणाऱ्याने ती वेतन कापून वसूल करावयाची नसते. आपल्या परिचयातील रुग्णालयचालकांना हे सांगण्याचे धैर्य कार्यकर्त्यांनी दाखविले पाहिजे.

पुढचा मार्ग

या पदवीपुढील क्षितिज विस्तारत आहे. २०१८ नंतर देशभर उभ्या राहिलेल्या आणि आता आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांमध्ये परिचर्या पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करू शकतात. सर्वसाधारण भागात पाच हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. मेळघाटातील वा नंदुरबारमधील एखाद्या पाड्यावरील बाळाच्या दृष्टीने या उपकेंद्रातील परिचारिका हेच पहिले रुग्णालय असते. सैन्यदलाच्या परिचर्या सेवेत, जिचा उगम १८८८ साली मुंबईत उतरलेल्या दहा परिचारिकांपर्यंत जातो, आज भारतीय कन्या अधिकारी म्हणून जवानांची शुश्रूषा करतात. केंद्र सरकारने २०२३ साली वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी परिचर्या महाविद्यालये उभारण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. इमारती आणि कायदे शासन देईल. त्या इमारतींत जाणारी माणसे मात्र समाजाच्या घरातूनच यावी लागतात.

काही विद्यार्थी परदेशी जातील. त्यांना दूषण देण्याचे कारण नाही. भारतीय परिचारिकेने जगात जो लौकिक मिळविला आहे, तोही देशाचाच लौकिक आहे. अपेक्षा एवढीच की, जाण्यापूर्वी काही काळ आपल्या मातीतल्या रुग्णाला द्यावा.

पालकांकडून अपेक्षा आहे ती मुलांच्या निवडीचा अभिमान बाळगण्याची आणि महाविद्यालय निवडताना रुग्णालयात रुग्ण किती, शिक्षक किती हे डोळसपणे पाहण्याची. कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील परिचर्या विद्यार्थ्यांची ओळख करून घ्यावी. गरजूंच्या शुल्काची व निवासाची व्यवस्था लावावी. आरोग्य शिबिरात त्यांना खुर्च्या लावायला नव्हे, तर रक्तदाब तपासायला आणि मातांशी बोलायला बोलवावे. आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या काही महिन्यांत तुम्ही ज्या वहीवर सही कराल, ती सही आधी हातांनी कमवा. न केलेले काम लिहू नका. न समजलेली गोष्ट, कोणी हसले तरी, दुसऱ्यांदा विचारा. एक दिवस रात्रपाळीत वॉर्ड झोपलेला असेल, डॉक्टर दूर असतील आणि एका खाटेवरचा श्वास बदलेल. त्या वेळी तेथे उभ्या असलेल्या तुमच्या ज्ञानावर त्या घराचा विश्वास राहील, इतके शिकून बाहेर पडा. आपल्या समाजाला आणि राष्ट्राला आज या तिसऱ्या पादाची नितांत गरज आहे.